हेतू नसलेला खुनी

शेरलॉक होम्सच्या छप्पन्न लघुकथांपैकी ‘द ॲडव्हेंचर ऑफ द लायन्स मेन’ या कथेवर होम्सभक्तांनी फारशी माया कधी केली नाही. तक्रारी ठरलेल्या आहेत. कथेत वॉटसन नाही. निवृत्त होम्स स्वतःच सगळं सांगतो आणि ते त्याला वॉटसनइतकं जमत नाही. शिवाय होम्स इथे तर्क चालवत नाही, त्याला नुसतं आठवतं. खुद्द आर्थर कॉनन डॉइल यांना मात्र कथेचा अभिमान होता. १९२७ साली आपल्या आवडत्या होम्सकथा निवडताना त्यांनी निवेदनाची अडचण मान्य केली आणि कथानकाला मात्र मालिकेतल्या उत्तमांत जागा दिली. मी डॉइल यांच्या बाजूचा आहे, पण माझं कारण वेगळं आहे. विज्ञान शिकलेल्या माणसाकडे असलेली माहिती न शिकलेल्या माणसापर्यंत कशी पोचते आणि न पोचल्यास काय होतं, याची ही कथा आहे. तिचा विषय जेलीफिश आहे, हे पुढे वाचण्याआधी सांगून टाकलेलं बरं. कथा १९२६ सालची आहे. रहस्य फोडल्याचा दोष शंभर वर्षांनी लागू नये.

मराठी वाचकाला होम्स भेटला तो बहुतेक भालबा केळकरांच्या हातून, आणि तो लंडनच्या धुक्यातला, बेकर स्ट्रीटवरचा होम्स होता. इथे तो म्हातारपणाकडे झुकलेला आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये खडूच्या कड्यांजवळ घर करून मधमाश्या पाळतो. साल १९०७, जुलैची अखेर. जवळच हॅरल्ड स्टॅकहर्स्टची ‘द गेबल्स’ नावाची शिकवणीची संस्था आहे. तिथला विज्ञानशिक्षक फिट्झरॉय मॅकफर्सन एका सकाळी समुद्रावर पोहायला जातो आणि थोड्याच वेळात अंगावर ओव्हरकोट, पायात नाड्या न बांधलेले बूट अशा अवस्थेत झोकांड्या खात वर येतो. होम्स आणि स्टॅकहर्स्ट यांच्या समोर तो कोसळतो. शेवटचे शब्द अस्पष्ट असतात, त्यातून एवढंच कळतं: सिंहाची आयाळ. कोट घसरतो तर पाठभर काळपट लाल वळ, बारीक तारेच्या चाबकानं फोडून काढल्यासारखे.

या सगळ्याच्या आधी डॉइल यांनी हवेचं वर्णन केलं आहे. घाईनं वाचणारा ते ओलांडून जातो. मोठं वादळ होऊन गेलेलं असतं, वाऱ्यानं खाडीच्या बाजूनं लाटा रेटून कड्याच्या पायथ्यापर्यंत आणलेल्या असतात आणि ओहोटीनंतर तिथे पाण्याचं एक तळं मागे राहिलेलं असतं. रहस्यकथेत असलं वर्णन वातावरण उभं करायला येतं. इथे तोच पहिला पुरावा आहे. जेलीफिशला पोहता येतं, पण प्रवाहाशी झुंजण्याइतकं नाही. वारा आणि पाणी नेतील तिकडे तो जातो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांना हे सांगायला नको. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो तेव्हा जुहूच्या आणि गिरगावच्या वाळूवर निळे, फुगीर, लांब दोऱ्यांचे जीव येऊन पडतात आणि वर्तमानपत्रांत ‘जेलीफिशचा दंश’ अशी बातमी येते. ते निळे फुगे खरे जेलीफिश नव्हेत. फायसेलिया या नावाचा तो जीव म्हणजे अनेक लहान जिवांची जोडून राहणारी वसाहत, आणि जेलीफिशचा तो चुलत नातेवाईक. पण किनाऱ्यावर येण्याचं कारण तेच आहे. ‘काल वारा कुठला होता?’ हा प्रश्न होम्सनं पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

कथेचा गाभा त्या वळांत आहे. प्रेतावरच्या खुणांचा होम्स भिंगातून अभ्यास करतो आणि इन्स्पेक्टर बार्डलला दाखवतो की वळ सलग नाहीत. त्यांच्यावर मधूनमधून ठिपके आहेत, काही जागी रक्त जास्त उतरलं आहे. इन्स्पेक्टर तापलेल्या तारेची जाळी सुचवतो. कल्पना वाईट नाही. पण डॉइल हे एडिंबरोत वैद्यक शिकून १८८१ साली पदवी घेतलेले डॉक्टर होते, आणि हे ठिपके त्यांनी उगाच घातलेले नाहीत. जेलीफिशच्या शुंडकांवर, म्हणजे खाली लोंबणाऱ्या त्या लांब धाग्यांवर, दंश करणाऱ्या पेशी एकसारख्या पसरलेल्या नसतात. त्या पुंजक्यांनी बसवलेल्या असतात. म्हणून धागा कातडीला चिकटला की रेष उमटते आणि रेषेवर मण्यांसारखे उठाव दिसतात.

या पेशीत एक सूक्ष्म कुपी असते. कुपीच्या आत एक पोकळ नळी गुंडाळून ठेवलेली असते, आणि ती आतली बाजू बाहेर अशा उलट्या अवस्थेत असते, सदऱ्याची बाही आत ओढून घ्यावी तशी. स्पर्श आणि रसायन यांची खूण मिळाली की कुपी फुटते आणि नळी सुलटी होत बाहेर झेपावते. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या नातेवाईक प्राण्यावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या स्फोटाचा पहिला टप्पा ७०० नॅनोसेकंदांत उरकतो असं दिसलं, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. कुपीच्या आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट असतो. एका शुंडकावर अशा पेशी हजारोंनी असतात आणि त्यातली प्रत्येक आपापल्या पातळीवर उडू शकते. तिला कुणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

आता संशयितांकडे येऊ. डॉइल यांनी इथे नेहमीचा बाजार भरवला आहे. इयन मर्डोक हा गणिताचा शिक्षक, काळासावळा, तुसडा, संतापी. त्यानं एकदा मॅकफर्सनचं कुत्रं काचेच्या खिडकीतून बाहेर भिरकावलेलं. मॉड बेलामी ही गावातली रूपवती, मॅकफर्सनशी तिचं गुपचूप ठरलेलं. होड्या भाड्यानं देणारा तिचा बाप आणि आडदांड भाऊ, दोघांनाही हे लग्न नको. प्रेम, मत्सर, घराण्याची अब्रू, जुनं भांडण: खुनाला पुरतील असे चार हेतू लेखकानं मांडून ठेवले आणि चारही वाया घालवले. गुप्तहेरकथा ज्या पायावर उभी असते तोच त्यांनी काढून घेतला, कारण मारणाऱ्याला हेतू असण्याची सोयच नव्हती.

जेलीफिशला मेंदू नसतो. हृदय नसतं, रक्त नसतं. शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणी. मज्जातंतूंचं एक विखुरलेलं जाळं असतं, आणि छत्रीच्या काठाला काही इंद्रियं असतात, त्यांना उजेड-अंधार कळतो आणि शरीर कुठे कललं तेही कळतं. छत्री आकुंचन पावण्याचा ताल त्यांच्याकडून येतो. या कथेतल्या जातीत अशी आठ इंद्रियं असतात. या जिवाला मॅकफर्सन मेला हे समजलं नाही. मॅकफर्सन होता हेही समजलं नाही. होम्सनं वर्षानुवर्षं माणसांच्या मनांचा माग काढला आणि अखेर त्याची गाठ मन नसलेल्या जिवाशी पडली, ही गंमत डॉइल यांनी शब्दांत कुठेही बोलून दाखवलेली नाही. ते बरंच केलं.

टॉवेलबद्दलही इथेच बोलायला हवं. मॅकफर्सनचा टॉवेल खडकावर घडी घातलेला, कोरडा सापडतो. होम्सचं अनुमान असं की टॉवेल कोरडा म्हणजे माणूस पाण्यात उतरलाच नाही. अनुमान चुकतं. माणूस उतरला होता, पण असह्य वेदनेत अंग कोण पुसत बसणार? दंश झालेला माणूस काय करतो हे ठाऊक असतं तर कोरडा टॉवेल उलटी साक्ष देता. होम्सची बुद्धी इथे कमी पडलेली नाही, माहिती कमी पडली आहे. माहितीशिवाय बुद्धी किती ऐटीत चुकते याचं इतकं नेमकं उदाहरण होम्सच्या बाकी कथांत मला तरी आठवत नाही.

त्या शेवटच्या शब्दांकडे परत वळतो. होम्सचा समज असा की मरणाऱ्यानं डोळ्यांना जे दिसलं ते सांगितलं. मला हे पुरेसं वाटत नाही. मॅकफर्सन विज्ञान शिकवायचा. सायनिया कॅपिलाटा हे शास्त्रीय नाव असलेला हा जेलीफिश इंग्रजीत ‘लायन्स मेन’ याच नावानं ओळखला जातो. लिनियसनं १७५८ सालीच त्याची नोंद केली होती. मी तर असं वाचतो की त्या शिक्षकानं मरताना अचूक निदान सांगितलं. मारणाऱ्याचं नाव कथेच्या आरंभीच उच्चारलं गेलं, ऐकणारे दोघे सुशिक्षित होते, त्यातला एक जगातला सर्वांत हुशार गुप्तहेर होता, आणि कुणालाही काही कळलं नाही. मग काही दिवसांनी मॅकफर्सनचं कुत्रं त्याच तळ्याकाठी तडफडून मेलेलं सापडतं. होम्सची घरकाम करणारी बाई म्हणते, मालकाच्या दुःखानं गेलं. कुत्रं त्याच जागी का मेलं, हा प्रश्न मात्र होम्सला झोपू देत नाही.

इथून कथा माळ्यावर चढते. होम्सचं घर पुस्तकांनी भरलेलं आहे, आणि आपलं डोकं हे अडगळीची खोली आहे असं तोच सांगतो. तासभर धुंडाळल्यावर चॉकलेटी आणि चंदेरी रंगाचं एक लहान पुस्तक त्याच्या हाती लागतं. जे. जी. वुड यांचं ‘आउट ऑफ डोअर्स’. हे पुस्तक काल्पनिक नाही आणि लेखकही नाही. जॉन जॉर्ज वुड (१८२७–१८८९) हे इंग्लंडमधले पाद्री, आणि त्या शतकातले निसर्गशास्त्राचे सर्वांत लोकप्रिय लेखक-व्याख्याते. त्यांनी संशोधनाचं नाव कमावलं नाही. त्यांनी लोकांना सांगितलं. ‘कॉमन ऑब्जेक्ट्स ऑफ द कंट्री’ या त्यांच्या पुस्तिकेच्या एका आठवड्यात एक लाख प्रती खपल्या असं सांगतात. व्याख्यानात ते मोठ्या फळ्यावर रंगीत खडूंनी प्राण्यांची चित्रं काढत बोलत, आणि अशा व्याख्यानांसाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आले. काही वर्षं ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात धर्मगुरू होते. होम्स आणि वॉटसन यांची पहिली भेट डॉइल यांनी याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत घडवली आहे. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

वुड यांना स्वतःला केंटच्या किनाऱ्यावर याच जेलीफिशचा दंश झाला होता आणि तो अनुभव त्यांनी तपशिलानं लिहून ठेवला होता. वेदना छातीत शिरणं, हृदय थांबल्यासारखं वाटणं, धागे पाण्यात जवळपास अदृश्य असणं, ते पन्नास फुटांपर्यंत पसरलेले असणं. डॉइल यांनी हा मजकूर कथेत पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावासकट आणला आहे. होम्स तो इन्स्पेक्टरला वाचून दाखवतो. श्रेय लेखकानं स्वतःच्या नायकाकडून काढून घेऊन सदतीस वर्षांपूर्वी वारलेल्या एका लोकप्रिय लेखकाला द्यावं, हे गुप्तहेरकथांत किती वेळा झालं असेल? ‘होम्सला नुसतं आठवतं’ ही तक्रार करणाऱ्यांनी हे पाहावं की आठवण्याजोगं कुणीतरी आधी सोप्या भाषेत लिहून ठेवलं होतं. विद्यापीठातल्या जाडजूड ग्रंथातली नोंद होम्सच्या माळ्यावर आली नसती.

मधल्या काळात मर्डोकलाही दंश होतो. तो धडपडत होम्सच्या घरात शिरतो, ब्रँडी मागतो आणि वाचतो. संशयितच बळी ठरतो. मग सगळे तळ्यावर जातात. पाण्याखाली तीनेक फुटांवर खडकाच्या कंगोऱ्यावर तो जीव दिसतो: पिवळसर, केसाळ, गुंतवळ झालेला, सावकाश फुगणारा आणि आक्रसणारा. वर्णन चार-पाच ओळींचंच आहे आणि ते बरोबर आहे. लहान सायनिया पिवळट नारिंगी असते, मोठी होत जाते तशी तांबूस-जांभळी होते. छत्रीच्या कडेला आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीखाली शुंडकांचा एक झुबका, एका झुबक्यात सत्तर ते दीडशे शुंडकं. एकूण हजाराच्या आसपास. अलेक्झांडर अगासीझ यांनी १८६५ साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका सायनियाची नोंद केली. तिची छत्री सात फूट रुंद होती आणि शुंडकं १२० फूट. म्हणजे वुड यांचे पन्नास फूट अतिशयोक्तीचे नव्हते.

कथेनं या जिवाचं फक्त मोठेपण दाखवलं. बालपण वगळलं, आणि ते जास्त चमत्कारिक आहे. सायनियाच्या अंड्यातून निघणारं पिल्लू पोहत जाऊन खडकाला किंवा शिंपल्याला चिकटतं आणि काही मिलिमीटरची, तोंडाभोवती शुंडकं असलेली एक लहानगी देठवाली आकृती होऊन बसतं. तिला पॉलिप म्हणतात. हा पॉलिप हिवाळे काढू शकतो. वेळ आली की त्याला आडव्या खाचा पडतात, चकत्यांची चळत तयार होते आणि वरून एकेक चकती सुटून पाण्यात निघून जाते. प्रत्येक चकती म्हणजे एक बालजेलीफिश. ज्याला आपण प्राणी म्हणून ओळखतो ती छत्री साधारण वर्षभराची पाहुणी असते. तिच्यामागचा तो चिकटून बसलेला जीव कुणाच्या नजरेला पडत नाही. ससेक्सच्या त्या तळ्यातली सायनिया उन्हाळ्याच्या अखेरीस आपोआपच संपली असती.

आणि आता कथेतल्या चुका. सायनियाचा दंश माणसाला मारतो का? निरोगी माणसाला सहसा नाही. डॉइल यांना हे ठाऊक असावं, कारण त्यांनी मॅकफर्सनला संधिवाताच्या तापानं कमजोर झालेलं हृदय दिलं आहे आणि मर्डोकला वाचवलं आहे. डॉक्टर लेखकाचा हा हिशेब चोख आहे. आजचा डॉक्टर आणखी एक शंका काढेल: मॅकफर्सनला आधी कधी दंश झाला होता का? १९०१ साली मोनॅकोचे राजे आल्बर्ट पहिले यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ फायसेलियाच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांवर वापरून पाहिलं, तेव्हा पहिली मात्रा पचवलेलं कुत्रं काही आठवड्यांनी त्याहून कमी मात्रेनं मिनिटांत मेलं. ॲनाफिलॅक्सिस या तीव्र ॲलर्जीचा शोध असा लागला आणि रिशे यांना १९१३ सालचं नोबेल मिळालं. कथेत डॉइल यांनी याचा उपयोग केला नाही, पण त्याने त्यांचं कथानक अधिक घट्ट झालं असतं.

जागेबद्दलही थोडी ओढाताण आहे. सायनिया कॅपिलाटा थंड पाण्याची. आर्क्टिक, उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिक हा तिचा मुलूख; ज्या ध्रुवीय समुद्रात तरुण डॉइल १८८० साली ‘होप’ या व्हेलमारी जहाजावर डॉक्टर म्हणून गेले होते, त्या बाजूची. इंग्लंडच्या दक्षिण टोकाला ती क्वचित दिसते. वादळाची योजना लेखकानं त्यासाठीही केली असावी. खरोखर प्राणघातक जेलीफिश हवा असता तर तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला होता: कायरोनेक्स फ्लेकेरी, चौकोनी छत्रीचा, चोवीस डोळ्यांचा, काही मिनिटांत माणूस संपवणारा. पण त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १९५६ साली. शिवाय ‘जेलीफिश’ हे एकच नाव आपण किती वेगवेगळ्या जिवांना देतो! सायनियाच्या गटात दोनशेच्या आसपास जाती आहेत, कायरोनेक्सच्या गटात पन्नासेक, फायसेलियाच्या गटात हजारोंनी. त्यातल्या बहुतेकांचा दंश माणसाला जाणवतही नाही.

माझा खरा वाद शेवटच्या प्रसंगाशी आहे. होम्स आणि मंडळी एक मोठा धोंडा ढकलून त्या जिवाला चिरडतात आणि कथा समाधानानं मिटते. इथे गुप्तहेरकथेनं जीवशास्त्रावर मात केली. कथेला शिक्षा हवी होती, म्हणून तिने गुन्हेगार कल्पिला. पण दंशपेशीला मालक जिवंत असण्याची गरज नसते. २०१० सालच्या जुलैत अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या वॉलिस सँड्स किनाऱ्यावर सुमारे दीडशे लोकांना दंश झाले, आणि कारण होतं एकाच मेलेल्या सायनियाचे पाण्यात पसरलेले तुकडे. होम्सचा धोंडा पडल्यावर त्या तळ्यात काय झालं असेल याचा विचार करा. शंभर तुकडे, आणि प्रत्येक तुकडा भरलेला. दुसऱ्या सकाळी ‘द गेबल्स’ची मुलं तिथे पोहायला उतरली असतील तर कथेचा दुसरा भाग लिहायला हवा होता. शिवाय सायनियाच्या शुंडकांच्या आडोशाला कॉड आणि व्हायटिंग या माशांची पिल्लं वाढतात, आणि लेदरबॅक कासवं तिच्यावर पोट भरतात. तिला मारण्याचं पुण्य कुणाच्या खाती लिहावं, हा प्रश्नच आहे.

रहस्यकथा म्हणून मी या कथेला मधल्या फळीत बसवीन. जेलीफिशची ओळख करून देणारा मजकूर म्हणून तिच्या पंक्तीला बसेल असं ललित लेखन मी फार थोडं वाचलं आहे. वाचक त्या प्राण्याला आधी त्याच्या खुणांतून ओळखतो, मग नावातून, मग पुस्तकातून आणि सर्वांत शेवटी डोळ्यांनी. आणि प्रत्येक पायरीवर त्याला काहीतरी नवीन कळतं. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना हा विषय शिकवणाऱ्यांनी आधी ही कथा वाचून दाखवावी आणि मग चित्र काढावं.

उपचार मात्र होम्सकडून घेऊ नये. त्यानं मर्डोकला ब्रँडी पाजली आणि जखमांवर तेलात भिजवलेला कापूस ठेवला. २०१७ साली सायनियाच्या दंशावरचे उपाय प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा समुद्राच्या पाण्यानं धुणं आणि बर्फ लावणं या दोन्ही गोष्टींनी दंश वाढतो असं दिसलं. सरस ठरलं ते आधी व्हिनेगरनं धुणं आणि मग ४५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात चाळीस मिनिटं ठेवणं. आयर्लंड आणि हवाई इथल्या शास्त्रज्ञांच्या या कामात पहिलं नाव आहे टॉमस डॉइल यांचं.